दुहेरी पत्तीची दुर्मिळ वाद्यं : हेकेलफोन, रॅकेट, सुंद्री आणि बाकीची भावंडं

खर्जवेडा

मंडळी नमस्कार. सनई सगळ्यांना माहितीय, ओबो आणि बसून ही पाश्चात्य वाद्यं निदान नावाने तरी कानावरून गेलेली असतात. पण दोन पातळ पत्त्या एकमेकींवर बांधायच्या आणि मधल्या फटीतून फुंकायचं, ह्या एवढ्याशा कल्पनेतून जगभर केवढी वाद्यं निघालीत आणि त्यातली कितीतरी आज अगदी थोड्या लोकांच्या हातात उरलीत, ह्यावर आपल्याकडे निवांत गप्पा व्हाव्यात असं बरेच दिवस मनात होतं. मी जर्मनीत असतो, इथल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात बसून हे वाद्य वाजवतो, म्हणून सुरुवात इकडच्या वाद्यांपासून करतो. आपल्याकडच्या वाद्यांबद्दल जाणकारांनी लिहावं ही विनंती.

तर पहिला मान हेकेलफोनचा. र्‍हाईनच्या काठी वीसबाडेनला लागून बीब्रिश म्हणून भाग आहे, तिथे हेकेल घराण्याचा कारखाना, आजचे नावाजलेले बसून त्याच घराण्याचे. ओबोपेक्षा एक सप्तक खाली जाणारं पण अंगात ताकद असलेलं वाद्य हवं, असं संगीतकार वाग्नरने हेकेलना सुचवलं होतं. वाद्य तयार झालं १९०४ साली, वाग्नर जाऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. उंची साधारण सव्वा मीटर, खाली गोल गरगरीत तोंड आणि त्याच्या बुडाशी जमिनीवर टेकवायला एक खुंटी. नळी आतून ओबोच्या मानाने चांगलीच रुंद, त्यामुळे ओबोचा तो नाकातला धारदार सूर इथे नसतो, खालचे सूर जाड आणि भरलेले येतात, आणि तरीही बसूनसारखे मऊ होत नाहीत. रिचर्ड स्ट्राउसला हे इतकं आवडलं की लगेच १९०५ च्या 'सालोमे' ह्या ऑपेरात घेतलं, मग १९०९ ला 'इलेक्ट्रा', १९१५ ला 'आल्पाइन सिम्फनी'. हिंडेमिथने १९२८ मध्ये व्हायोला, हेकेलफोन आणि पियानो असं त्रिकुटही लिहिलं.

आणि एवढं होऊनही जगात आजवर बनलेले हेकेलफोन दीडशेच्या आसपास! कारण सरळ आहे, एखाद्या ऑर्केस्ट्राला हे काही वर्षांतून एकदा लागतं, मग ते विकत कोण घेणार आणि त्यावर रोज रियाझ कोण करणार. ओबोवालाच काही आठवडे उसनं आणून वाजवतो. मला एकदा एका कार्यशाळेत हे हातात घेऊन फुंकायला मिळालं होतं. सगळ्यात खालचा सूर लागला तेव्हा पायाखालची लाकडी फळी थरथरलेली जाणवली. ऑर्केस्ट्रात शंभर माणसं वाजवत असतात तेव्हा ह्या वाद्याचं नेमकं काय ऐकू येतं हे प्रेक्षकाला सांगताही येणार नाही, पण ते काढून टाकलं की मधला भाग पोकळ होतो हे मी खात्रीने सांगतो.

दुसरं, सारुसोफोन. पॅरिसच्या गोत्रो ह्या कारखानदाराने १८५६ ला पेटंट घेतलं, नाव दिलं सारुस ह्या फ्रेंच लष्करी बँडमास्तरचं. मोकळ्या मैदानात लाकडी ओबो-बसूनचा आवाज विरून जातो, ऊन-पावसात लाकूड तडकतं, म्हणून सगळं अंग पितळेचं आणि तोंडाशी पत्ती मात्र दुहेरी. लहानमोठ्या आकारांचं आख्खं कुटुंब काढलं होतं. गोत्रोने आपली कल्पना चोरली म्हणून सॅक्सोफोनवाल्या अडॉल्फ सॅक्सने त्याला कोर्टात खेचलं आणि सॅक्सच हरला, कारण आवाज मुळातच वेगळा! ह्यातला सर्वांत खालचा म्हणजे काँट्राबास आकार थोडाफार टिकला, राव्हेलने 'रॅप्सोडी एस्पान्योल'मध्ये घेतला (१९०८). आणि १९२४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सिडनी बेशेने जॅझच्या एका रेकॉर्डिंगमध्ये त्यावर चक्क सोलो वाजवलाय, तो ऐकाच, एवढ्या अवजड नळीतून इतकं चपळ वाजवणं म्हणजे कमाल आहे.

आज सारुसोफोनची जागा जवळपास सगळीकडे काँट्राबसूनने, म्हणजे बसूनच्या खर्जातल्या मोठ्या भावाने घेतलीय. रॅकेटबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, ते प्रकरण मोठं आहे.

नवखी

मस्त धागा! दोन शंका. एक, आपला तारपा आणि गारुड्याची पुंगी ह्यात बसतात का? दुसरी, लहान वाद्याचा आवाज बारीक आणि मोठ्याचा जाड हे समजतं, पण मी आर्मेनियाचं दुदुक पाहिलंय ते बासरीएवढंच असतं आणि आवाज मात्र केवढा खोल, ते कसं?

नळीशास्त्र

नवखी, तारपा आणि पुंगी दोन्ही ह्या घरातली नाहीत. तारप्यात भोपळ्याच्या आत बांबूच्या नळ्यांना प्रत्येकी एकच जीभ कापलेली असते, ती नळीच्या भिंतीवर आपटते, पुंगीतही तसंच. म्हणजे एकेरी पत्ती. सनई, सुंद्री, नागस्वरम्, ओबो ह्यांच्यात दोन पत्त्या एकमेकींवर मिटतात आणि उघडतात.

दुसरा प्रश्न फार चांगला विचारलात, सगळ्या विषयाची किल्ली तीच आहे. पत्तीकडचं टोक ध्वनीच्या हिशेबाने बंद धरायचं. नळी सरळ एकसारख्या व्यासाची असेल तर एका टोकाला बंद नळी तिच्याएवढ्याच लांबीच्या दोन्ही टोकं उघड्या नळीपेक्षा अख्खं सप्तक खाली बोलते. बासरी उघडी नळी, दुदुक बंद नळी, म्हणून लांबी सारखी असून दुदुक सप्तकभर खाली. पण नळी जर शंकूसारखी रुंदावत गेली, सनई किंवा ओबोसारखी, तर गणित बदलतं, बंद असूनही ती उघड्या नळीच्या सुरांनी बोलते. म्हणून सनईत जोर लावला की वरचं सप्तक मिळतं. सरळ नळीच्या वाद्यात जोर लावला तर सप्तक मिळत नाही, बारावा सूर मिळतो, म्हणजे तार सप्तकातला पंचम. आणि त्या मधल्या सुरांसाठी बोटं पुरत नाहीत म्हणून अशा जुन्या वाद्यांचा पल्ला आठ-नऊ सुरांतच संपतो.

अजून एक गंमत, शंकूचं टोक कधीच पूर्ण नसतं, ते कापलेलं असतं कारण तिथे पत्ती बसवायची असते. त्या कापलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती तेवढी हवा पत्तीच्या पोटात मावावी लागते, नाहीतर वरचं सप्तक बेसूर होतं. म्हणून पत्ती बदलली की आख्खं वाद्य बदललं असं वाजवणारे म्हणतात ते अगदी खरं आहे.

खर्जवेडा

नळीशास्त्र, तुमच्या ह्याच गणिताचा कळस म्हणजे रॅकेट. सोळाव्या शतकाच्या अखेरीचं जर्मन वाद्य. हस्तिदंताचा किंवा लाकडाचा एक जाडजूड ठोकळा, त्यातल्या सर्वांत छोट्याची उंची जेमतेम १२ सेंटिमीटर. त्या ठोकळ्यात उभी नऊ भोकं, मधोमध एक आणि भोवती आठ, आणि ती वर-खाली आळीपाळीने एकमेकांना जोडलेली. म्हणजे हवा खाली जाते, वर येते, परत खाली, असं करत नऊ वेळा धावते. १२ गुणिले ९, एक मीटरपेक्षा जास्त, शिवाय बंद सरळ नळी म्हणून ऐकू येताना त्याच्या दुप्पट लांबीच्या वाद्याचा खर्ज! मोठ्या आकारातले रॅकेट तर आजच्या बसूनच्याही खाली जातात आणि तरी मांडीवर बसतात.

भोकं सगळ्या बाजूंनी, मागे-पुढे, त्यामुळे बोटांची नुसती टोकं पुरत नाहीत, मधल्या पेराने सुद्धा भोकं झाकावी लागतात. १६१९ मध्ये प्रेटोरियसने वाद्यांची जी सविस्तर नोंद केली त्यात लिहिलंय की ह्याचा आवाज अगदी मऊ येतो, फणीला कागद लावून फुंकल्यासारखा. व्हिएन्नाच्या संग्रहालयात जुने हस्तिदंती रॅकेट आहेत, मी काचेबाहेरून पाहिलेत. पुढे न्युर्नबर्गच्या डेनरने शंकूची नळी घेऊन नवा प्रकार काढला, तो सप्तक बदलायचा पण मूळचा तो घुमा आवाज गेला. माझ्या मते जुना जास्त सुंदर. एकटा वाजला तर कोणी लक्ष देणार नाही, पण चार माणसं गात असताना खाली एक रॅकेट असला की गाण्याला जमीन मिळते.

सोलापुरी_कडक

आमच्या सुंद्रीचं नाव शीर्षकात बघून लॉगिन झालो बघा. खर्जवेडा, तुम्ही नाव घेतलाव आणि पुढं काहीच लिहिला नाहीत, तर मी लिहितो.

सुंद्री म्हणजे सनईची धाकटी बहीण म्हणा. लांबीला सनईपेक्षा आखूड, आवाज चढा आणि लै गोड, कर्कश अजिबात नाही. हे वाद्य सोलापूरच्या जाधव घराण्याचं. पं. सिद्राम जाधवांनी त्याला मैफिलीत आणलं, मग पं. चिदानंद जाधव आणि आता पं. भीमण्णा जाधव. अक्कलकोट संस्थानच्या राजेसाहेबांनी ह्या घराण्यातल्या वाजवणाऱ्याचं ऐकून खूष होऊन वाद्याला हे नाव दिलं असं आमच्याकडं सांगतात.

माझं म्हणणं असं हाय की आखूड वाद्यावर राग मांडणं सोपं नाही ओ. भोकं जवळजवळ, बोट केसभर सरकलं तरी सूर हलतो. त्यावर मींड काढायची, तर ती बोटानं अर्धी आणि ओठानं अर्धी. पत्ती ओठात किती दाबायची, कधी सैल सोडायची ह्याच्यावर सगळा खेळ. मी लहानपणी देवळात सकाळच्याला ऐकलोय, तोडी चालली होती आणि कोमल गंधार असा हलत हलत आला की पुजारीसुद्धा आरतीचं ताट हातात घेऊन थांबला होता.

पण खरी काळजीची गोष्ट ही की एक आख्खं वाद्य एका घराण्याच्या आधारावर उभं हाय. जगात दुसरीकडं कुठं शिकायची सोय नाही म्हटलं तरी चालेल. सनईला बनारस हाय, पुणे हाय, गाव तिथं सनईवाला असायचा. सुंद्रीला सोलापूरच. हेकेलफोन दीडशे तरी हायत की ओ, आमच्या सुंद्रीचं काय.

खर्जवेडा

सोलापुरी_कडक, मनापासून धन्यवाद, हेच हवं होतं. मी मुद्दाम थांबलो होतो, ऐकीव माहितीवर सुंद्रीबद्दल लिहिण्यापेक्षा तिथल्या माणसाने लिहिलेलं बरं.

मांडवी

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे देवळांच्या चौघड्यात शेणय वाजते आणि तिच्या बाजूला सुर्त असतं. सुर्त म्हणजे नुसता एक सूर धरून ठेवणारी नळी, महाराष्ट्रात सनईवाल्याच्या बाजूला एक जण नुसता सूर धरून बसतो ना, तेच. लोकांचं लक्ष शेणयवाल्याकडे असतं पण माझी नजर नेहमी सुर्तवाल्यावर. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा आणि तेवढ्यात गाल दाबून पत्तीला हवा पुरवत राहायची, एक क्षण सुद्धा सूर तुटता कामा नये, आणि हे अर्धा अर्धा तास. ह्याला कोणी टाळ्या वाजवत नाही. दुदुकमध्ये पण असंच असतं ना? एक जण धून वाजवतो आणि दुसरा नुसता आधार देतो?

नळीशास्त्र

हो मांडवीताई, तंतोतंत तसंच. दुदुकमध्ये त्या धरलेल्या सुराला 'दाम' म्हणतात, आणि शिकाऊ पोराला आधी दामावरच बसवतात. जिवान गास्पार्यान ह्यांचं दुदुक ऐका, धून जेवढी महत्त्वाची तेवढाच खालचा दाम. युनेस्कोने २००५ मध्ये ह्या संगीताला मानवतेचा वारसा म्हणून घोषित केलं. नळी जर्दाळूच्या लाकडाची, आणि पत्ती केवढी, तर हाताच्या बोटाएवढी लांब नि अंगठ्यापेक्षा रुंद, तिच्यावर एक सरकती कडी असते, ती वर-खाली करून सूर जुळवतात.

चेन्नैकर_मावशी

मी लग्न होऊन मद्रासला आले ती इथलीच झाले, नागस्वरम् आता कानातच बसलाय. पण इथे एक गोष्ट सांगायला हवी, की आज तुम्ही जो लांबलचक नागस्वरम् बघता तो 'बारी', तीनेक फुटांचा, आणि तो तसा अलीकडचा. आधी 'तिमिरी' होता, आखूड आणि चढ्या सुराचा. देवाची पालखी चार रस्त्यांवरून जाणार तर आवाज गावभर पोचायला हवा, मग चढाच हवा. टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८ ते १९५६) ह्यांनी सूर खाली आणला, आलाप लांबवले, रात्र रात्र एक राग, त्याला लांब वाद्य लागलं. कुंभकोणम् जवळच्या नरसिंगमपेट्टै गावातल्या रंगनाथन आचारींनी त्यांच्यासाठी सुधारलेला बारी बनवला, आणि मग सगळेच तिकडे वळले. तिमिरी आता शोधावा लागतो. एका थोर माणसाच्या आवडीने एक वाद्य मोठं झालं आणि दुसरं मागे पडलं, मला बारी आवडतो तरी हे खटकतंच.

त्या गावाच्या नागस्वरम्‌ला २०२२ मध्ये जीआय मानांकन मिळालं. लाकूड आच्चा, म्हणजे आपल्या खानदेशातला अंजन. तेही नवं नाही चालत, जुन्या पाडलेल्या घरांचे वासे आणून त्यातून कातायचं, लाकूड जितकं वाळलेलं तितका सूर स्थिर.

सूर धरायचा नळा इथेही होता, 'ओत्तु' म्हणतात. दिसायला नागस्वरम्‌च, पण बोटांची भोकं नाहीत. आता बहुतेक ठिकाणी त्या जागी श्रुतीपेटी, तीही विजेची. ओत्तु वाजवणारा पोरगा वर्षानुवर्षं गुरूच्या शेजारी बसून सगळं कानाने पीत असायचा, ती शिकण्याची जागाच गेली. पैसे वाचले हे खरं, पण हिशोब एवढाच नसतो. मुखवीणा म्हणून एक चिमुकलं वाद्य पण आहे, पूर्वी देवळातल्या नाचाला साथ करायचं, ते तर आता जवळपास नाहीच.

आणि हो, नागस्वरम्‌ला दोरीने लोंबत असलेला झुबका पाहिलाय का कुणी? ती शोभा नाही, जास्तीच्या पत्त्या असतात (सीवाळी), आणि त्या साफ करायला, उघडायला एक सुई. मैफिलीत एक मिटली की दुसरी लगेच.

तोक्योतला

पत्तीचा विषय आलाच आहे तर जपानचं सांगतो, कारण इथे जे झालं ते डोळ्यासमोर आहे. हिचिरिकी म्हणून वाद्य, बांबूची जेमतेम १८ सेंटिमीटरची नळी, बाहेरून चेरीच्या सालीची दोरी गुंडाळलेली. राजदरबाराच्या गागाकु संगीतात मुख्य धून हेच वाजवतं, आणि एवढ्याशा नळीचा आवाज सगळ्या वाद्यांच्या वर चढतो. पत्ती इतकी मोठी की बोट न हलवता नुसत्या ओठाने सूर चांगला दोन-तीन श्रुती नव्हे तर दोन-तीन स्वर वर-खाली नेता येतो. वाजवण्याआधी पत्ती गरम हिरव्या चहात भिजवतात, हे मी प्रत्यक्ष बघितलंय, मागे कोळशाची शेगडी आणि चहाची वाटी.

आता मुद्दा असा, ही पत्ती ज्या गवताची करतात ते उत्तम प्रतीचं एका ठिकाणचं मानतात, ओसाका आणि क्योतोच्या मध्ये योदो नदीच्या काठी उदोनो नावाचं गवताळ रान आहे. तिथलं गवत जाड, आतून घट्ट. दर वर्षी फेब्रुवारीत ते रान मुद्दाम जाळतात, म्हणजे वेली आणि किडी मरतात आणि नवीन गवत सरळ उभं येतं. एकतर नदीची पातळी खाली गेल्याने जमीन कोरडी पडत चाललीय, शेजारून नवा महामार्ग काढायचं ठरलं त्यावरून गागाकुवाल्यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला. आणि त्यात २०२० आणि २०२१ ला सलग जाळणं झालं नाही, तर वेलींनी सगळं रान गिळलं, पत्तीजोगं गवत जवळपास उरलंच नाही. मग वाजवणारे स्वतः जाऊन उन्हात वेली उपटायला लागले. हजार वर्षांहून जुनं संगीत आणि ते टिकणार की नाही हे ठरतंय नदीकाठच्या एका रानावर.

जुनी_पोथी

तोक्योतला, तुम्ही लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला, कारण हेच आधी एकदा घडून गेलंय.

प्राचीन ग्रीकांचा औलोस, दोन नळ्या एकाच वेळी तोंडात धरून वाजवायचं दुहेरी पत्तीचं वाद्य. भांड्यांवरच्या चित्रांत गालांवरून चामड्याचा पट्टा बांधलेला वादक दिसतो तो हाच. नाटकात, यज्ञात, कुस्तीच्या आखाड्यात, जहाजावर वल्ही मारताना, सगळीकडे औलोस. अॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस ह्याने वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला त्यात पत्तीच्या गवतावर सविस्तर भाग आहे. सगळ्यात चांगलं गवत बिओशियातल्या ऑर्खोमेनोसजवळच्या कोपाइस तळ्यातलं. तळं भरून पाणी निदान दोन वर्षं टिकलं तरच गवत पत्तीजोगं जाड होतं. ते कधी कापायचं, कुठल्या पेराची पत्ती करायची, वादनाची पद्धत बदलली तशी कापणीची वेळ कशी बदलली, हे सगळं त्यात आहे. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस पत्तीबद्दल इतकं बारीक लिहितो!

औलोस तर कधीच लोपला होता, आणि ते तळंही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला उपसून त्याची शेतजमीन केली. आता अभ्यासक जुन्या नळ्यांच्या नकला करून वाजवतात, नळी मोजून करता येते, पण पत्ती गवताची असल्याने टिकलेली नाही, ती अंदाजानेच करावी लागते. म्हणजे त्या संगीतातला अर्धा भाग, जो ओठांपाशी होता, तो गेला.

खर्जवेडा

जुनी_पोथी आणि तोक्योतला, तुमचे दोन्ही प्रतिसाद वाचून मला जे म्हणायचं होतं ते आता नीट सांगता येईल. वाद्य दुर्मिळ झालं म्हणतो तेव्हा आपण वाद्यांची संख्या मोजतो. पण वाद्य काचेच्या कपाटात तीनशे वर्षं टिकू शकतं. आधी मरते ती पत्ती, आणि पत्ती करणारा हात.

उदाहरण देतो. बाखने लाइप्झिगमध्ये १७२३ पासून पुढे ज्या वाद्यासाठी इतकं सुंदर लिहिलं ते ओबो दा काचा, म्हणजे वाकडा, चामड्याने मढवलेला, पितळी तोंडाचा ओबो, तो नक्की दिसायचा कसा हेच लोक विसरले होते, इंग्लिश हॉर्नवर, म्हणजे ओबोच्या मोठ्या भावावर भागवायचे. १९७० च्या दशकात स्टॉकहोम आणि कोपनहेगनच्या संग्रहालयांतल्या आयशेनटोप्फ ह्या जुन्या कारागिराच्या वाद्यांकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं, दोन्ही १७२४ ची. मग कारागिरांनी उलगडा केला, लाकूड आधी सरळ कातायचं, भोक पाडायचं, मग एका बाजूने ओळीने करवतीच्या खाचा घ्यायच्या, वाफेवर वाकवायचं, खाचा मिटल्या की त्यावर पट्टी चिकटवून चामडं चढवायचं. आज पुष्कळ ठिकाणी ते परत वाजतं. हे कशामुळे जमलं? ओबोची पत्ती करणारी माणसं मधल्या काळात कधीच तुटली नाहीत म्हणून. माप बदलायचं होतं, विद्या होतीच.

बसूनची पत्ती मी स्वतः करतो. दक्षिण फ्रान्सचं गवत, कापून बराच काळ वाळवलेलं, आतून कोरायचं, साच्यात कापायचं, मधोमध दुमडायचं, तारा आवळायच्या, दोरा गुंडाळायचा, टोक उघडायचं आणि मग खरडत बसायचं, टोकाला जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आणि हे करून पुष्कळशा टाकूनच द्याव्या लागतात. हेकेलफोन किंवा सारुसोफोनची पत्ती दुकानात तयार मिळेल ही आशा धरूच नये, वाजवणाऱ्याला हेच सगळं करावं लागतं.

नळीशास्त्र

पण खर्जवेडा, मग प्लास्टिकच्या पत्त्यांना काय हरकत आहे? ओबो-बसूनच्या सिंथेटिक पत्त्या आता बऱ्यापैकी मिळतात, क्रुमहॉर्न ह्या जुन्या युरोपीय वाद्याला तर प्लास्टिकच लावतात सर्रास. रान जळो न जळो, तळं उपसो न उपसो, वाद्य वाजत राहील. भौतिकदृष्ट्या पत्ती म्हणजे ठरावीक ताठरपणाची एक झडप आहे, गवत असलंच पाहिजे असा काही नियम नाही.

तोक्योतला

क्रुमहॉर्नचं उदाहरण इथे लागू नाही. त्यात पत्तीवर टोपण असतं, वादकाचा ओठ पत्तीला लागतच नाही, सूर एका पातळीवर येतो, म्हणून प्लास्टिक चालून जातं. हिचिरिकीत सगळं संगीतच ओठ आणि पत्तीच्या मधे आहे.

सोलापुरी_कडक

तेच म्हणतो मी. कोमल गंधार ओठानं हलवायचा तर पत्ती ओली होऊन मऊ व्हायला पाहिजे, आणि मैफल चढत जाईल तशी ती बदलत जाते, वाजवणारा तिच्याबरोबर बदलतो. शिकाऊ पोरांना सरावाला प्लास्टिक द्या की, माझी ना नाही, उलट सोय होईल. पण मैफिलीला नको.

नळीशास्त्र

सराव आणि मैफल वेगळं धरायचं हे पटलं. आणि ओठ लागतो की नाही हा फरक माझ्या उत्तरात यायला हवा, तोक्योतला ह्यांचं बरोबर आहे.

चेन्नैकर_मावशी

बाळांनो, एक अजून. पत्तीचा माणूस टिकायचा तर त्याला गिऱ्हाईक हवं आणि गिऱ्हाईक टिकायचं तर वाजवायचं निमित्त हवं. इथे देऊळ, लग्न आणि डिसेंबरचा संगीत महोत्सव आहे म्हणून सीवाळी करणारी घरं अजून तग धरून आहेत.

खर्जवेडा

मावशी, अगदी. स्पेनमधल्या कॅटलोनियाचा तेनोरा हे ह्याचं उत्तम उदाहरण. पेर्पिन्यांच्या आंद्रेउ तोरोनने १८४९ मध्ये काढलेलं, लाकडी अंग आणि धातूचं तोंड, आवाज इतका खणखणीत की चौक भरून जातो. सार्दाना नाच गावागावात अजून होतो, त्याच्या अकरा जणांच्या कोब्ला वाद्यवृंदात दोन तेनोरा लागतातच, म्हणून वाद्य जिवंत आहे, पोरं शिकतात, पत्त्या बनतात. आणि फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या बोंबार्द ह्या वाद्याचं तेच. ते फुंकायला इतकं कठीण की वादक एक ओळ वाजवतो आणि ओठाला विश्रांती देतो, तेवढ्यात पुढची ओळ बिन्यू म्हणजे पिशवीचं वाद्य उचलतं, आणि ह्या दमण्यातूनच त्यांच्या नाचाची सवाल-जवाबासारखी रीत पक्की झाली. नाच आहे तोवर दोन्ही आहेत. हेकेलफोनला असा नाच नाही, सारुसोफोनचं लष्करी मैदान गेलं.

नवखी

एवढं वाचून आता ऐकायची घाई झालीय. कुठून सुरू करू? आणि आपल्याकडचं प्रत्यक्ष ऐकायला कुठे जाऊ?

खर्जवेडा

दुदुकपासून करा, कानाला लगेच लागतं. मग बेशेचा १९२४ चा सारुसोफोन, मग रॅकेट चार गायकांबरोबर असलेला शोधा, एकट्याचा नको. हेकेलफोन हिंडेमिथच्या त्रिकुटात ऐका, ऑर्केस्ट्रात शोधत बसू नका. 'आल्पाइन सिम्फनी'त स्ट्राउसने ह्या वाद्याच्या आवाक्याबाहेरचे खालचे सूर लिहून ठेवलेत, ते वाजवता यावेत असं लुपोफोन नावाचं नवं वाद्य गुंट्राम वोल्फ आणि बेनेडिक्ट एपेल्सहाइम ह्या दोन जर्मन कारागिरांनी ह्या शतकात बनवलं, त्याचंही रेकॉर्डिंग मिळेल. ह्या घराण्यात अजून नवी वाद्यं जन्मतायत हे मला फार दिलासा देणारं वाटतं.

मांडवी

नवखी, जत्रेच्या दिवसांत गोव्यात ये, कुठल्याही मोठ्या देवळात पहाटेचा चौघडा गाठ. फोन खिशात ठेवायचा आणि शेणयच्या बाजूला सुर्तवाल्याजवळ बसायचं.

सोलापुरी_कडक

आणि सुंद्रीसाठी आमच्याकडं. भीमण्णा जाधवांची मैफल लागली की इथंच धाग्यावर कळवतो, पुण्या-मुंबईकडं झाली तरी कळवतो. कुणाच्या संस्थेत, कॉलनीच्या गणपतीत कार्यक्रम ठरवायचा असला तर डीजेच्या पैशात ह्या लोकांना बोलवा राव, आणि त्यांच्याबरोबर सूर धरायला येणाऱ्या पोराचं मानधन वेगळं द्या.